मान हलली खरी, पण नक्की कशाला?

ताई, तुमचा प्रश्न वाचून दोन दिवस तसाच ठेवला. घाईने उत्तर लिहिलं की आमच्यासारखी माणसं उपदेश करायला लागतात.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. वडील, म्हणजे तात्या, ७१ वर्षांचे, निफाड तालुक्यातले द्राक्षबागायतदार. साडेतीन महिन्यांपूर्वी पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं बंद झालं, गिळता येईना म्हणून नाकातून नळी घातली. ती अजून आहे. दवाखाना जवळ पडावा म्हणून त्यांना नाशिकला, इंदिरानगरला मुलीकडे आणलंय. तात्यांनी आतापर्यंत ५ वेळा नळी उपसली, म्हणून रात्री त्यांचा डावा हात ओढणीने पलंगाच्या कठड्याला बांधतात. डॉक्टर म्हणतात, आता पोटातून नळी टाकून घ्या, पेग. तात्यांना विचारलं की ते मान आडवी हलवतात. भाऊ म्हणतो, "त्यांना आता काय कळतंय? टाकून मोकळे व्हा." आणि ताईंचा प्रश्न असा: पाण्याच्या घोटापासून कूस बदलण्यापर्यंत जो माणूस आमच्यावर अवलंबून आहे, त्याचा नकार त्याचा स्वतःचा कितपत मानायचा?

मी वाचा आणि गिळणं या दोन्हींवर उपचार करते. नाशिकमध्ये २३ वर्षं झाली, त्यातली निम्मी तरी लोकांच्या घरी, पलंगाशेजारच्या स्टुलावर. तात्यांना मी पाहिलेलं नाही. त्यामुळे पेग टाका किंवा टाकू नका, हे मी इथून सांगणार नाही. मेंदूचा कुठला आणि केवढा भाग गेलाय, समज किती शाबूत आहे, गिळणं परत येतंय का, मन खचलंय का, यावर सगळं अवलंबून आहे. मी अशा वेळी काय बघते आणि का, तेवढं सांगते.

आधी हाताचं. तात्यांची उजवी बाजू गेली, वाचा गेली. मग राहिला डावा हात. बोट दाखवायचं, ढकलायचं, तुमचा हात दाबायचा, नको म्हणायचं, ते सगळं त्याच हाताने. सध्या तोच त्यांचं तोंड आहे, आणि रात्री आपण तोच बांधतो. तुम्हाला दोष देत नाही. आयसीयूत बांधतात, तिथे बघूनच ही पद्धत घरी येते. पण बांधायच्या आधी करण्यासारखं बरंच आहे. शेवटचं फीड, म्हणजे नळीतून द्यायचं पातळ अन्न, रात्री ९-१० ला संपवा. नळी गालावर चिकटवून कानामागून पाठीकडे न्या, डोळ्यांसमोर लोंबती ठेवू नका. साधी पीव्हीसीची नळी जाड आणि ताठ असते, ती घशात सारखी टोचते. बारीक, मऊ नळीही मिळते, मात्र घरचं मिक्सरमधलं फीड तिच्यात अडकतं, ते गाळून घ्यावं लागतं. हातात जाड मऊ मोजा घाला, पण हात सुटा ठेवा. आणि नळी निघालीच तर ब्युरोकडून सांभाळायला येणाऱ्या मावशींना परत घालू देऊ नका. ती श्वासनळीत जाऊ शकते. पंपाने हवा सोडून पोटावर गुडगुड ऐकली म्हणजे खात्री झाली, असं नसतं.

आता तुमचा प्रश्न. तुम्ही विचारताय की निर्णय कोणाचा. माझ्या अनुभवात घरातली भांडणं याच प्रश्नावर होतात आणि त्याच्या आधीचा प्रश्न कोणी विचारतच नाही: ती मान हलते तेव्हा तात्या नक्की काय म्हणतायत?

डाव्या मेंदूला इजा होऊन बोलणं जातं त्याला वाचाघात म्हणतात, डॉक्टर अफेजिया म्हणतील. त्याचे प्रकार आहेत. काहींना कळतं जवळजवळ सगळं, पण शब्द बाहेर येत नाही. काही जण भराभरा बोलतात, त्याला अर्थ नसतो आणि समोरच्याचं बोलणंही नीट पोचत नाही. काहींचं दोन्ही गेलेलं असतं. घरच्यांना तिन्ही सारखेच दिसतात आणि मग निष्कर्ष निघतो, "काही कळत नाही". उलटही होतं. एक वारकरी गृहस्थ होते, दरवर्षी निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर त्र्यंबकेश्वरहून पंढरपूरला जाणारे. झटक्यानंतर त्यांना 'पाणी' म्हणता येईना, पण मुलाने हरिपाठ सुरू केला की पुढचा अभंग अडखळता न म्हणायचे. मुलगा आनंदाने सगळ्यांना सांगायचा, बाबा बोलायला लागले. पाठ असलेलं, चालीतलं वेगळ्या वाटेने येतं. त्यावरून समज चांगली आहे असंही ठरत नाही आणि वाईट आहे असंही नाही.

आणि सगळ्यात फसवं म्हणजे हो-नाही. वाचाघातात कित्येक जणांचं हो आणि नाही यांची अदलाबदल होते. मनात हो असतं, मान आडवी हलते. किंवा एकदा नाही म्हटलं की पुढच्या पाच प्रश्नांना तेच उत्तर येत राहतं, गाडी एका रुळावरून सुटत नाही. म्हणून "पोटात नळी टाकायची का?" असं एकदा विचारून मान आडवी हलली, एवढ्यावर मी काहीच ठरवत नाही. नकारही नाही आणि "त्यांना कळत नाही" हेही नाही.

मी काय करते ते सांगते, तुम्हीही करू शकाल. सकाळची वेळ, झोप झालेली. टीव्ही बंद. खोलीत एकच माणूस बोलणारं. चष्मा लावलेला, कवळी घातलेली, ऐकू कमी येत असेल तर यंत्र किंवा चांगला कान माझ्याकडे. मग दहा प्रश्न, पाचांचं उत्तर हो, पाचांचं नाही, उलटसुलट क्रमाने. आणि प्रश्न त्यांच्या विषयातले. तात्यांना मी "आज कोणता वार?" असं विचारणार नाही. साडेतीन महिने पलंगावर पडलेल्या माणसाला वार कशाला माहीत असेल? मी विचारेन, "खरड छाटणी दिवाळीत करतात का?" "गोड्या बहाराची छाटणी दसऱ्याच्या आसपास होते का?" "जीएचं डिपिंग घड विकल्यावर करतात का?" (खरड छाटणी उन्हाळ्यात होते, आणि जीए म्हणजे घड वेलीवर असतानाच ज्यात बुडवतात ते वाढीचं औषध. म्हणजे पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर नाही, मधल्याचं हो.) बागायतदार माणूस असल्या प्रश्नाला नुसती मान हलवत नाही. चेहऱ्यावर उमटतं की ही बाई खुळी आहे. ते उमटणं मला मानेइतकंच महत्त्वाचं.

दहातली पाच उत्तरं नाणं उडवूनही बरोबर येतात. आठ-नऊ आली, दुसऱ्या दिवशीही आली, तर मी त्यांच्या हो-नाहीवर भरवसा ठेवायला लागते. मान फसवी वाटली तर दुसरा मार्ग: पुठ्ठ्यावर एका बाजूला हिरवी खूण, दुसऱ्या बाजूला लाल फुली, बोट ठेवायचं. किंवा चित्रं. नाकातल्या नळीचं, पोटातल्या नळीचं, चमचा-वाटीचं. त्यानंतरच खरा प्रश्न, आणि तो दोन्ही बाजूंनी. आज "नाकातली नळी काढावी असं वाटतं का?", उद्या "नाकातली नळी राहू द्यावी असं वाटतं का?" दोन्हींना आडवी मान आली तर आपण अजून काहीच विचारलेलं नाही असं समजायचं आणि परवा पुन्हा बसायचं. एका बैठकीत निकाल लावायचा नाही.

हे मी शहाणपणाने शिकले नाही. सुरुवातीच्या काळात एका रुग्णालयात, नाव नको, साठीच्या एका शिक्षकांना तपासलं. विचारलेल्या कशालाच प्रतिसाद नाही, चेहरा पलीकडे. मी फाइलवर लिहिलं, 'सहकार्य करत नाहीत, समज नसावी.' पुढचे चार दिवस सिस्टर, डॉक्टर, फिजिओ सगळ्यांनी ती ओळ वाचली आणि त्यांच्याशी बोलणंच सोडलं. त्यांच्यासमोर त्यांच्याबद्दल बोलायला लागले. पाचव्या दिवशी त्यांच्या मिसेस भीत भीत म्हणाल्या, "मॅडम, यांना डाव्या कानाने ऐकू येत नाही. तुम्ही रोज डावीकडे उभ्या राहता." मी पलंगाला वळसा घालून उजवीकडे गेले. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मला अजून आठवते. ती ओळ मी खोडली, पण चार दिवस एका शिकलेल्या माणसाला मी एका वाक्याने बिनडोक ठरवलं होतं. म्हणून तुमचे भाऊ "काय कळतंय" म्हणतात तेव्हा मला त्यांचा राग येत नाही. मीही तेच लिहिलं होतं.

समजा, नकार खरा निघाला. तरी कशाला नकार, हे उरतंच. नाशिकरोडला प्रेसमधून निवृत्त झालेले एक गृहस्थ रोज नळी उपसायचे. त्यांच्या पत्नीच्या लक्षात आलं की नेहमी चारच्या सुमारास. चारला घरात चहा व्हायचा. आल्याचा वास थेट पलंगापर्यंत, आणि ह्यांना नळीतून दूध-प्रोटीन पावडर. आम्ही गिळणं तपासलं, मग दाट केलेला चहा, ताठ बसवून, लहान चमच्याने पाच-सहा घास, एवढंच द्यायला लागलो. नळी पोषणासाठी तशीच ठेवली. उपसणं बंद झालं नाही, पण आठवड्यात एखाद्या वेळेवर आलं. त्यांचं 'नको' नळीला नव्हतं, चहा नसण्याला होतं.

दुसरी गोष्ट जास्त अवघड आहे आणि ती तुमच्या प्रश्नाच्या जवळ जाते. सिन्नरच्या एक आजी. त्यांचं बोलणं स्पष्ट होतं, गिळणंही ठीक होतं, पण कमरेखालचं सगळं गेलेलं. दुपारनंतर तोंड मिटून घ्यायच्या, पाणीसुद्धा नको. वजन उतरलं, कोणीतरी नळीचा विषय काढला. सून नोकरीला, घरी मुलगाच सगळं करायचा, अगदी मनापासून. तो औषधं आणायला खाली गेला तेव्हा आजी मला म्हणाल्या, "खाल्लं की होतं बाई. झालं की पोराला काढावं लागतं."

आता सांगा, हा नकार कोणाचा? आजींचाच. भान पूर्ण, कारण स्पष्ट, कोणी दबाव टाकलेला नाही. नियमावर बोट ठेवणारा म्हणेल, त्यांची इच्छा, मान राखा. म्हणजे उपाशी मरू द्या. दुसरा म्हणेल, हट्ट आहे, नळी घाला. आम्ही दोन्ही केलं नाही. सकाळ-संध्याकाळ दोन-दोन तास एक बाई लावली, कमोडची खुर्ची आणली, मुलाला त्या वेळी बाहेर पाठवलं. चौथ्या दिवशी आजींनी पिठलं-भात मागून घेतला. खर्च वाढला, मुलाला जरा लागलंही. त्याला वाटलं, माझी सेवा आईला नको झाली.

मला इतकंच म्हणायचंय. अवलंबून असलेल्या माणसाचा नकार मानायचा की नाही, हे ठरवायच्या आधी त्याचं अवलंबून असणं ज्या रीतीने चाललंय ती रीत बदलून बघा. कोण करतं, केव्हा करतं, कोणाच्या देखत करतं, करताना त्याच्याशी बोलतात का. मग नकार उरतो का ते पाहा. बऱ्याचदा तो विरघळतो. कधी तसाच राहतो, आणि मग त्याला वजन येतं.

तुमच्या घराचं मला माहीत नाही, पण स्वतःला विचारून बघा. तात्यांचं डायपर कोण बदलतं? गावाकडच्या बापाला लेकीने बदललेलं कसं वाटत असेल? पलंग हॉलमध्ये आहे का, येणारा-जाणारा प्रत्येक जण फीड चाललेलं बघतो का? पेगच्या खर्चाची गोष्ट त्यांच्या उशाशी बसून झाली का? आयुष्यभर बागेच्या कर्जाचा हिशेब ठेवलेला माणूस आकडा बरोबर ऐकतो, शब्द गेले असले तरी.

तुमच्या प्रश्नात एक गृहीतक लपलंय, ते मला पटत नाही. ज्याला कोणाची गरज नाही त्याचाच निर्णय खरा, असं ते गृहीतक. सही करायला ताठ बसलेला, एकटा, धडधाकट माणूस. तात्या धडधाकट होते तेव्हा तरी एकट्याने ठरवायचे का? फवारणी कुठली ते सल्लागाराला विचारून, छाटणी मजुरांची टोळी मिळेल त्या तारखेला, कर्ज आपल्या भावाला सांगून, घरातलं लग्न तुमच्या आईच्या मनाप्रमाणे. त्या सगळ्या निर्णयांना आपण तात्यांचे निर्णयच म्हणत होतो. आता फरक एवढाच की मदत जास्त लागते, आणि ती नाही मिळाली तर ठरवणंच थांबतं. चष्मा न लावता, बहिऱ्या कानाकडून, हात बांधून विचारलं तर तुम्ही-मी तरी काय ठरवू शकू?

याला दुसरी बाजू आहे, आणि ती मी लपवणार नाही. परावलंबन माणसाला गप्पही करतं. ज्याच्या हातून घास घ्यायचा त्याच्यावर चिडता येत नाही. काही जण भरवणाऱ्याचं मन राखायला हो म्हणतात, काही जण ओझं नको म्हणून नको म्हणतात. "तुम्ही ठरवाल ते" हे तर आपल्याकडचं रोजचं उत्तर. तो विश्वास असू शकतो आणि हार मानणंही. मी अशा वेळी एकदा तरी घरच्यांना बाहेर पाठवून पुन्हा विचारते. माणसांवरच्या संशोधनाच्या नैतिकतेसाठी अमेरिकेत १९७९ साली बेलमाँट अहवाल आला. त्यात व्यक्तीचा आदर या तत्त्वाचे दोन भाग आहेत: माणसाला स्वतःचं ठरवणारा मानावं, आणि ज्याची ती ताकद कमी झालीय त्याला संरक्षण द्यावं. पहिला भाग सगळे घोकतात. दुसरा पलंगाशेजारी रोज लागतो, आणि तिथेच आपण संरक्षण द्यायला जातो ते सगळं आपणच ठरवून मोकळे होतो.

आपल्याकडचं उदाहरण म्हणजे अरुणा शानबाग. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका. १९७३ च्या नोव्हेंबरमध्ये तिथेच त्यांच्यावर हल्ला झाला, मेंदूला इजा होऊन त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या, आणि २०१५ च्या मे महिन्यात त्या गेल्या, तोवर त्याच रुग्णालयातल्या परिचारिकांनी पिढ्या बदलत त्यांचं सगळं केलं. बरीच वर्षं तोंडाने मऊ अन्न भरवून. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे प्रश्न आला की त्यांच्या वतीने बोलायचं कोणी. न्यायालयाने म्हटलं, त्यांना भरवणं थांबवावं अशी याचिका करणाऱ्या लेखिका पिंकी विराणी यांनी नव्हे, रोज सांभाळणाऱ्या केईएमच्या लोकांनी. त्यावर आजही वाद होतात, माझ्याही मनात दोन्ही बाजू आहेत. पण एक मला पटतं. चेहऱ्याची कुठली आठी म्हणजे काय, हे भरवणाऱ्यालाच कळतं. आणि पटत नाही ते असं की भरवणाऱ्याला कळतं ते सगळं खरंच असतं. आपल्याला जे सोसवेल तेच आपल्याला त्या आठीत दिसतं, हे मी स्वतःवरून सांगते.

कायद्याचं थोडं, कारण भाऊ कदाचित त्यावर येतील. भान असलेल्या सज्ञान माणसाच्या जागी नातेवाइकाची सही चालत नाही. समीरा कोहली खटल्यात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं. बाई भुलीखाली असताना बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन गर्भाशय काढलं होतं. तातडी नव्हती, म्हणून ती संमती ग्राह्य धरली नाही. सर्वोच्च न्यायालयाच्याच ९ मार्च २०१८ च्या निकालाने सज्ञान, निर्णयक्षम व्यक्तीचा उपचार नाकारण्याचा हक्क मान्य केला आणि पुढे कोणते उपचार नकोत याचं इच्छापत्र (लिव्हिंग विल) आधीच लिहून ठेवायची सोय दिली. २४ जानेवारी २०२३ ला ती सोपी केली: दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे. तात्यांनी असं काही केलेलं नसणार, निफाडकडे कोण करतं? निर्णयक्षमता कशी मोजायची यासाठी मला २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याची मोजपट्टी आवडते. तो कायदा मानसिक आजारासाठी आहे, पण त्यातलं सूत्र कुठेही उपयोगी पडतं: माहिती समजते का, परिणाम कळतो का, आणि निर्णय कसाही, बोलून, खुणेने, कळवता येतो का. मदत घेऊन जमलं तरी जमलं. आणि त्यात हेही आहे की निर्णय इतरांना चुकीचा वाटला एवढ्यावरून माणूस अक्षम ठरत नाही.

आता नळीबद्दल, कारण घरात सहसा अर्धवट माहितीवर भांडण चालतं. पेग म्हणजे शेवट नव्हे. गिळणं परत आलं की ती काढता येते, आणि नाकातल्या नळीपेक्षा सुसह्य असते. नाक-घसा मोकळा झाला की गिळण्याचा सरावही सोपा जातो. दुसरीकडे, नळी असली म्हणजे न्यूमोनिया होत नाही हा समज चूक आहे. स्वतःची लाळ आणि पोटातून वर आलेलं फीड फुप्फुसात जाऊ शकतं. म्हणून नळी असली तरी दिवसातून दोनदा तोंड नीट स्वच्छ करा, फीडच्या वेळी आणि नंतर अर्धा तास ताठ बसवा. झटक्यानंतर गिळणं बिघडलेल्यांपैकी बहुतेकांचं काही आठवड्यांत सुधारतं, काहींचं महिनोन्‌महिने नाही. तात्यांचं शेवटचं कधी तपासलं? डिस्चार्जच्या वेळचा शेरा असेल तर तो जुना झाला. ईएनटी डॉक्टर नाकातून बारीक दुर्बीण घालून गिळताना पाहू शकतात, किंवा बेरियम देऊन एक्स-रेवर पाहतात. ते झाल्याशिवाय घरी चमचाभर पाणी देऊन प्रयोग करू नका. ठसका लागला नाही म्हणजे खाली नीट गेलं असं नसतं, काही जणांचा ठसकाच गेलेला असतो.

आणि मन. झटक्यानंतर साधारण तीनांतल्या एकाला नैराश्य येतं. बोलता येत नाही त्याचं ओळखणं अवघड. रडणं, भिंतीकडे तोंड करणं, आवडत्या नातवाकडेही न पाहणं, असं असेल तर पेगच्या आधी मनोविकारतज्ज्ञांना दाखवा. औषधाला काही आठवडे लागतात, पण नैराश्यातलं 'नको' आणि त्यातून बाहेर आल्यावरचं 'नको' मी एका तराजूत घालत नाही.

हे सगळं करूनही तात्यांनी, चांगल्या दिवशी, दोन-तीनदा, दोन्ही बाजूंनी विचारल्यावर, नळी नकोच म्हटलं तर? तर ते मानावं लागेल, असं माझं मत. त्याचा अर्थ खायला न देणं असा नाही. जोखीम पत्करून, जे त्यातल्या त्यात सुरक्षित गिळता येतं ते, आवडीचं, थोडं थोडं, ताठ बसवून, त्यांना हवं तेवढं. घट्ट पेज, नाचणीचं आंबील, मऊ केलेला शिरा. वजन उतरेल, छातीत कफ होऊ शकतो, आयुष्य कमी होऊ शकतं. हे त्यांना सांगायचं, भावालाही सांगायचं, डॉक्टरांच्या कागदावर लिहून घ्यायचं. आणि समज खरंच पोचत नाही असं निघालं, तर "तात्या पूर्वीसारखे असते तर काय म्हणाले असते" हा प्रश्न. त्याचं उत्तर तुम्हा दोघांपेक्षा त्यांच्या बरोबरीच्या माणसाकडे, बांधाच्या शेजाऱ्याकडे, जास्त खरं मिळतं असं मी पाहिलंय. तेव्हा उपचाराची मुदतही ठरवता येते: पेग टाकू, तीन महिने बघू, अमुक सुधारणा झाली नाही तर पुन्हा बसू. मात्र मुदत संपल्यावर नळीचं काय करायचं याचे नियम आहेत. माणूस स्वतः ठरवू शकत नसेल आणि जीव टिकवणारा उपचार थांबवायचा असेल, तर डॉक्टरांच्या दोन मंडळांचं मत लागतं. त्यामुळे हे बोलणं नळी टाकायच्या आधीच उपचार करणाऱ्या डॉक्टरांशी करा.

भावाबद्दल एक सुचवते. त्यांना चार दिवस इंदिरानगरला राहायला बोलवा, छाटणीची घाई नसेल तेव्हा. चर्चा करायला नको. दर दोन तासांचं फीड त्यांनी द्यावं, रात्री उशाशी त्यांनी बसावं, आणि ते बागेचे दहा प्रश्न त्यांनीच विचारावेत. मला ते प्रश्न नीट जमणारही नाहीत, कुठल्या प्लॉटला यंदा डाउनी, म्हणजे वेलीवरचा बुरशीसारखा रोग, आला ते त्यांनाच माहीत. "त्यांना काय कळतंय" हे वाक्य फोनवरून म्हणणं सोपं असतं. चार दिवसांनंतरही ते तेच म्हणाले तर तेही ऐकून घ्या, कारण मग ते पाहून म्हणतायत.

आणि ताई, तुमचं. तुम्ही प्रश्नात कुठेही लिहिलं नाही की तुम्ही किती तास झोपता. दर दोन तासांचं फीड, नोकरी, मुलं, रात्रीचा पहारा. तुम्हाला जे झेपणार नाही ते तात्यांपुढे पर्याय म्हणून ठेवू नका. "तोंडाने भरवू" म्हणजे एकेका जेवणाला पाऊण-एक तास, दिवसातून पाचदा. ते करायला माणूस नसेल तर तसं त्यांना सरळ सांगा. पेग टाकल्याने तुमची रात्रीची झोप वाचणार असेल, तर तेही सांगा. लाजू नका. कुटुंबाच्या मर्यादा कळल्यावर माणसं कधी कधी वेगळं ठरवतात, आणि कळवल्याशिवाय ते कळायला त्यांना दुसरी वाट नाही.

तर या आठवड्यात एवढंच: हात सोडा, गिळण्याची तपासणी नव्याने करून घ्या, दोन सकाळी दहा-दहा प्रश्न विचारून उत्तरं वहीत लिहा, आणि डायपरसाठी लेकीशिवाय दुसरं कोणी मिळतं का ते बघा. पेगची तारीख तोवर पुढे ढकला. नाकातली नळी चालू आहे, त्यामुळे आठ-दहा दिवसांनी सहसा काही बिघडत नाही. मात्र ताप, धाप किंवा छातीत घरघर दिसली तर थांबू नका, लगेच दवाखान्यात.

वहीतली उत्तरं इथे लिहा. सोबत सीटी स्कॅनच्या रिपोर्टमधली शेवटची ओळ, आणि तात्या आधी चष्मा वापरायचे का, तेही. वापरत असतील तर तो गावीच राहिलेला असण्याची शक्यता मोठी आहे. भावाला येताना आणायला सांगा.